पाणकणसातली हाक

पहिली हाक आली ती आषाढ संपता संपता, दिवस बुडायच्या वक्ताला.

केराबाई ओसरीत चटई विणत होती. पायाच्या अंगठ्यानं काठ दाबून धरायचा आणि पाणकणसाची वाळली पात खालीवर करत ओढून घ्यायची. पातीची कड धारदार, त्यामुळं बोटांची पेरं चिरलेली. चिरांत हळद भरून ती तशीच विणत होती. आत तिची सासू गोजरबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. पाऊस नुकताच उघडलेला. हंदरगीचं तळं घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याच्या वरच्या अंगाला पाणकणीस आणि लव्हाळा माणूस उभा बुडेल इतका दाटलेला.

त्या दाटीतून आवाज आला. "हुंऽऽम्."

रिकाम्या घागरीच्या तोंडाशी कुणी ओठ नेऊन फुंकावं तसा. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, "हुंऽऽम्."

भाकरीवरचा थापाचा आवाज थांबला. गोजरबाई पिठाच्या हातानं उंबऱ्यात आली. म्हातारीचं तोंड उजळलं होतं.

"केरा," ती म्हणाली, "आला गं. कुंडलिक हाक मारतोय."

केराबाईच्या हातातली पात तिथंच राहिली.

कुंडलिक गोजरबाईचा एकुलता लेक, केराबाईचा नवरा. कोळ्याचं घर. पाणकणीस कापायचं, वाळवायचं, चटया विणायच्या आणि सोलापूरला गिरणीच्या चाळींत नेऊन विकायच्या, हा त्यांचा पिढीजात धंदा. बाप मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला तेव्हा पोर कुंडलिकनं विळा हातात घेतला. गेल्या भादव्यात तो वाळले भोपळे बांधून केलेल्या सांगडीवर बसून कापायला गेला आणि परत आलाच नाही. त्या दिवशी पावसानं झड धरली होती, तळं भरून सांडवा धो धो वाहत होता. सांगड तेवढी पालथी होऊन काठाला लागली. लोकांनी गळ टाकले, बांबू खुपसून बघितले. सांडव्याखालचा ओढा पार भीमेपर्यंत धुंडाळला. काही हाती लागलं नाही.

अंग मिळालं नाही म्हणून गोजरबाईनं दिवस घालू दिले नाहीत. केराबाईच्या कपाळाचं कुंकू पुसू दिलं नाही. "माजा पोरगा पव्हनारा हाय. कुटंतरी लागला आसंल काठाला," हे एकच तिच्या तोंडी. रोज सकाळी केराबाई मेणाचं बोट टेकवून कुंकू लावायची तेव्हा सासू कामातून मान वर करून बघायची. लावलं की मान खाली.

आणि आता तो आवाज आला. म्हातारी भाकरी पदराखाली घेऊन तळ्याच्या भरावावर गेली. काठाच्या दगडावर भाकरी ठेवली आणि अंधुकल्या पाण्याकडं तोंड करून बोलत बसली. शेजारणीच्या लेकीचं लग्न ठरलं, म्हैस आटली, काय काय सांगत होती. मधून मधून हाक यायची. हाक आली की म्हातारी म्हणायची, "व्हय रं बाळा, व्हय."

केराबाई तिला हाताला धरून आणायला गेली. भरावावर उभी राहिली आणि तिलाही वाटलं, तोंड मिटून, पाण्याखालून, कुणीतरी आपल्यालाच बोलावतंय.

गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. गेल्या वर्षापासून त्या पाणकणसात कुणी विळा घातला नव्हता. कोळ्यांची बाकीची घरं पार पल्याडच्या काठाला कापायला जात. आता बाया घाटावर पाण्याला येईनात. गुराखी गुरं लांब ओढ्यावर नेऊ लागले.

नागपंचमीला बाया वारुळाला निघाल्या. केराबाईनंही लाह्या आणि दुधाची वाटी घेतली, नवं लुगडं नव्हतं म्हणून जुनंच धुऊन नेसली आणि रस्त्यावर येऊन उभी राहिली. गाणी म्हणत येणारा घोळका तिच्यापाशी येऊन गप्प झाला. पुढं शिवबाई होती. तिचा नवरा तिप्पण्णा म्हणजे कुंडलिकचा जोडीदार. दोघं एकाच वेळी तळ्यात उतरायचे. शिवबाईनं केराबाईच्या कपाळाकडं बघितलं आणि नजर वळवली.

"केरा, राग मानू नगंस," ती म्हणाली. "तू सवाशीण का रांडमुंड, ह्येच आमाला कळंना. सवाशिणीत तुला कसं घ्यावं?"

"मलाबी कळंना की," केराबाई म्हणाली.

मागं कुणीतरी तोंडाला पदर लावला. घोळका पुढं गेला. गाणं वळणापलीकडं गेल्यावर पुन्हा सुरू झालं. केराबाईनं दूध मांजराला ओतलं आणि चटईवर जाऊन बसली.

त्याच आठवड्यात पाटलाचं बोलावणं आलं. आबासाहेब पाटील वाईट माणूस नव्हता, पण गाव त्याच्या मागं लागलं होतं. चावडीच्या पायरीखाली गोजरबाई बसली, तिच्या मागं केराबाई डोक्यावर पदर घेऊन उभी.

"गोजराकाकू," आबासाहेब म्हणाला, "पोराचं दिवसकार्य घाला. त्येचा आत्मा अडकलाय. गाव भ्यालंय."

"जित्या मानसाचं दिवस घालू व्हय?"

"जिता हाय तर घरला का येत न्हाय?"

"आडाकलाय त्यो तितं. पाय गुतलाय त्येचा."

कट्ट्यावर बसलेल्यांपैकी एकजण फस्सकन हसला. "वरीसभर पाय गुतलाय म्हनं!"

आबासाहेबानं त्याला डोळ्यानंच गप्प केलं. मग म्हातारीकडं न बघता म्हणाला, "तुमी ऐकत न्हाय तर माजा विलाज न्हाय. येत्या आवसंला कुंभारीचा देवऋषी आनतोय. त्यो तळ्याच्या काठाला खिळं मारून त्येला खिळून टाकंल. मग हाक न्हाय आन् काय न्हाय."

गोजरबाई उठली. "माज्या लेकाला खिळं मारनार?" एवढंच म्हणाली. घरी आल्यावर सरळ भरावाकडं गेली. केराबाई मागं धावली, तोवर म्हातारी लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उभी होती.

"कुटं निघालाय आत्याबाई?"

"आवसंच्या आत त्येला भाईर काडला पायजे."

केराबाईनं तिला ओढून आणलं. त्या दिवसापासून ती विणताना एक डोळा चटईवर आणि एक सासूवर ठेवू लागली. पण दोन बायकांच्या घरात बाईनं बाईवर किती पहारा द्यायचा? कुणीतरी पात आणायला जायलाच हवं होतं. काठाची पात संपली होती. उरलेली आखूड, तिची चटई नीट होईना. आणि पाटलाचं म्हणणं रोज डोक्यात घण घालत होतं. आत काय आहे ते बघितल्याशिवाय आता सुटका नाही, असं तिच्या मनानं घेतलं.

ती तिप्पण्णाच्या दारात गेली. तो सांगडीचे भोपळे दोरीनं आवळत बसला होता.

"अण्णा, तुमची सांगड द्या. मी आत जाऊन येते."

तिप्पण्णाचे हात थांबले. तो घरात कानडी बोलणारा माणूस, मराठी जपून बोलायचा. "नगं वैनी. आत जाऊ नगं."

"त्या दिवशी तुमी व्हता की त्यांच्यासंगं."

"व्हतो. मी ह्या अंगाला, त्यो त्या अंगाला. पाऊस आला, मी भाईर आलो. हाक मारली. लई मारली. त्येनं ओ दिली न्हाय." तिप्पण्णा खाली बघत राहिला. "आता त्यो हाक मारतोय, आन् मला ओ देता येईना. संध्याकाळी कानात कापूस घालून बसतो मी."

शिवबाई दारात येऊन ऐकत होती. तिनंच पुढं होऊन सांगड उचलली आणि केराबाईच्या खांद्याला लावू लागली. "जा," ती म्हणाली. "काय हाय ते बगून ये एकदा. मी बसते म्हातारीपाशी."

दिवस ढगाळ होता. दुपारची वेळ असून उजेड राखेसारखा. केराबाईनं कमरेला विळा खोचला, सांगडीवर पोट टेकलं आणि हातानं पाणी मागं सारत निघाली. उघडं पाणी संपलं, पाणकणसाची भिंत आली. वर्षभरात कुणी न कापल्यानं जुनी वाळकी पात आणि नवी हिरवी पात एकमेकींत गुंतून बसली होती. ती फाकवून ती आत शिरली. मागची पात मिटली आणि तळं दिसेनासं झालं.

आत पाणी काळं, निवळ. कुजक्या मुळांचा वास. डोक्यावर पातीची सळसळ, आणि खाली कसलाही आवाज नाही. इथंच कुठंतरी आपला नवरा शेवटचा होता, असं तिच्या मनात आलं. पायाला काहीतरी लागलं. तिनं पाय आखडून घेतला. लव्हाळ्याचं मूळ होतं.

"हुंऽऽम्."

अगदी समोरून आला. इतका जवळून की सांगडीच्या भोपळ्यांत तो घुमला.

"कोन हाय?" तिनं विचारलं. आणि मग, लग्न झाल्यापासून कधी घेतलं नव्हतं ते नाव तिच्या तोंडून निघालं. "कुंडलिक?"

उत्तर आलं नाही. तिनं समोरची पात दोन्ही हातांनी बाजूला केली. काहीच नव्हतं. पाणकणसाचे दांडे, एक वाळका बुंधा, पुन्हा दांडे. वाऱ्यानं सगळे एकदम डाव्या अंगाला कलले आणि तो बुंधाही कलला. मग वारा थांबला, दांडे थांबले, पण बुंधा थोडा उशिरा थांबला. त्या बुंध्याला डोळे होते.

दोन पिवळे डोळे तिच्याकडं रोखून बघत होते.

पक्षी होता. बगळ्याच्या जातीचा, पण काळा, ओल्या शिसवीसारखा. मानेच्या बाजूनं हळदीचं बोट ओढल्यासारखा पिवळा पट्टा, गळ्यावर तांबूस रेघा. चोच सरळ आभाळाकडं करून, मान ताणून, अंग आखडून तो दांड्यांमध्ये दांडा होऊन उभा होता. शिकलेली माणसं त्याला काळा तापस म्हणतात म्हणे. हंदरगीत त्याला नाव नव्हतं, कारण तो हंदरगीत कुणी कधी बघितलाच नव्हता. दर साली पाणकणीस कापून नेत, त्याला आसरा मिळत नसे. कुंडलिक गेला, भीतीनं कापणी थांबली, दाटी वाढली, आणि त्या दाटीत हा घर करायला आला होता. त्याच्या पायांशी मोडलेल्या पातींची उथळ बैठक होती. तीत निळसर पांढरी अंडी, आणि एक नुकतं फुटलेलं.

केराबाई हलली नाही. बऱ्याच वेळानं पक्ष्यानं मान खाली घेतली. पलीकडच्या दाटीत त्याचा जोडीदार असावा. तिकडून तीच हाक आली, आणि यानं गळा फुगवून तिला उत्तर दिलं. "हुंऽऽम्."

केराबाईचा हात विळ्यावर गेला. फेकून मारावा याला, असा राग तिला आला. गेले इतके दिवस ती संध्याकाळी कान लावून बसत होती. म्हातारीसारखं ती बोलली नव्हती, पण मनात ओ देत होती. आणि तो हा होता. तिनं विळ्यावरचा हात काढला, सांगडीवर डोकं टेकलं आणि रडली. रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून तिनं भोपळ्याची दोरी दातांत धरली.

काठावर आली तेव्हा तिप्पण्णा उभा होता. "काय हाय आत?"

"काय न्हाय," केराबाई म्हणाली.

घरी तिनं सासूला काही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे म्हातारीचा लेक दुसऱ्यांदा मारायचा. आणि आपल्या कपाळाचं काय, तेही तिला कळत होतं. सकाळी मेणाचं बोट टेकवताना ती थबकली. आता हे कुणाच्या नावानं लावायचं? गोजरबाई नेहमीसारखी बघत होती. केराबाईनं कुंकू लावलं. म्हातारीची मान खाली गेली. पुढच्या सकाळीही तसंच.

आवस तोंडावर आली. एका पहाटे, फटफटायला लागलं होतं, केराबाईला जाग आली तर शेजारचं अंथरूण रिकामं. ती तशीच पळाली. भरावावरून बघते तो म्हातारी छातीभर पाण्यात. एका हातानं भाकरीचं फडकं डोक्यावर धरलेलं, दुसरा हात पुढं केलेला. पांढरे केस पाण्यावर पसरलेले.

"आले रं बाळा. हात दे," ती म्हणत होती.

केराबाईनं उडी घेतली. म्हातारीनं ओरबाडलं, लाथा झाडल्या, तिच्या मनगटाला चावा घेतला. "सोड मला! तुला नगंय त्यो, म्हनून तू त्येला आनीत न्हाईस! तुला नवा दाल्ला करायचाय!"

ते ऐकूनही केराबाईनं तिला सोडलं नाही. काठाच्या चिखलात दोघी धापा टाकत पडल्या. तिप्पण्णाची सांगड तिथंच वर ओढून ठेवलेली होती.

"चला आत्याबाई," केराबाई म्हणाली. "तुमाला जायचंय न्हवं? चला. मी नेते."

म्हातारीला तिनं सांगडीवर बसवलं आणि स्वतः पोहत मागून ढकलत निघाली. पाणी गारठलेलं. म्हातारीनं फडकं छातीशी धरलं होतं. पाणकणसात शिरल्यावर ती हळूच हाका मारू लागली. केराबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि समोरची पात फाकवली.

उजेड फुटला होता. अंड्यांतून पिल्लं बाहेर आली होती. पिवळट लव फुटलेली, माना न पेलणारी. काळा पक्षी चोचीतून त्यांना काहीतरी भरवत होता. चाहूल लागताच त्यानं मान वर ताणली आणि तो दांडा झाला. पिल्लांनीही आपल्या इवल्या चोची वर केल्या.

"ह्यो?" गोजरबाईनं विचारलं.

"व्हय."

"ह्योच हाक मारतो?"

पलीकडून आवाज आला, आणि समोरच्या पक्ष्याचा गळा फुगला. म्हातारीनं तो फुगताना बघितला, आवाज बाहेर पडताना बघितला. तिचं तोंड जरा उघडं राहिलं. फार वेळ ती तशीच बघत होती. डास तिच्या गालावर बसत होते, ते तिनं हाकलले नाहीत.

"चल," शेवटी ती म्हणाली. "आपन हितं हाय तवर ते बापडं पिल्लांना खायाला घालायचं न्हाय."

उघड्या पाण्यात आल्यावर तिनं फडकं सोडलं. भाकरी भिजून लगदा झाली होती. तिनं ती माशांना टाकली. काठ जवळ आला तेव्हा मागं न वळता तिनं विचारलं, "मग माजा कुंडलिक कुटं हाय गं?"

केराबाई पाण्यात पाय मारत राहिली.

देवऋषी आला नाही. केराबाईनं तिप्पण्णाला आत नेऊन पक्षी दाखवला. तो आधी हसला आणि मग काठावर येऊन कपाळ धरून बसला. गावात कुणी खरं मानलं, कुणी म्हणालं, भूतच पाखराच्या रूपानं राहिलंय. आबासाहेबानं विषय मिटवला. तिप्पण्णा विळा घेऊन त्या अंगाला निघाला तेव्हा मात्र गोजरबाई भरावावर आडवी उभी राहिली. पिल्लं उडाल्याबिगर तिथली एक पात कापायची नाही, असं तिनं ठणकावलं. तिप्पण्णानं ऐकलं.

भादव्याच्या पितृपंधरवड्यात घाटावर कुंडलिकचं कार्य झालं. दर्भाचा पुतळा करून जाळला. शेजारणी केराबाईच्या बांगड्या फोडायला पुढं आल्या तेव्हा गोजरबाईनं त्यांना मागं सारलं. तिनं सुनेचा हात मांडीवर घेऊन एक एक बांगडी तेल लावून उतरवली. पदराचं टोक पाण्यात बुडवून तिचं कपाळ पुसलं. पहिल्यांदा नीट निघालं नाही, मेण चिवट. म्हातारी पुन्हा पुन्हा पुसत होती, हळूहळू, तापल्या लेकराचं कपाळ पुसावं तशी. केराबाई डोळे मिटून बसली होती.

पिंड ठेवला आणि लोक मागं सरतात न सरतात तोच कावळा शिवला. "गती मिळाली," लोक म्हणाले आणि पांगले.

संध्याकाळी दोघी ओसरीत बसल्या. पिल्लं उडाली होती. पाणकणसातून काही आवाज येत नव्हता. तरी दिवस बुडायला लागला तसे दोघींचे हात आपोआप थांबले, आणि दोघींनी एकमेकींना थांबलेलं बघितलं.

"किती लगीच शिवला गं," गोजरबाई म्हणाली. "त्येचं मागं कायच राहिलं नव्हतं व्हय?"

अंधार अंगणात उतरला. म्हातारीनं पाय पोटाशी घेतले.

"केरा, मी त्या दिशी बाजारला गेल्ते. जाताना काय म्हनला त्यो? तुला काय सांगून गेला? कदी इचारलंच न्हाय मी."

"काय न्हाय, आत्याबाई. दारातनं गेलं, आन् पाऊस लागला म्हनून परत वळलं."

"आन्?"

"वासरू भिजतंय, आत बांद, म्हनलं."

गोजरबाईनं मान हलवली. जरा वेळानं विचारलं, "बांदलंस?"

"व्हय. लगीच बांदलं."

"बरं केलंस," म्हातारी म्हणाली.